दत्ताभाऊचा पाचवा टायर

आमच्या मेंटेनन्स डिपार्टमेंटमध्ये काम कमी असेल त्या दिवशी किस्से सांगितले जातात आणि काम जास्त असेल त्या दिवशी ते घडतात. चाकणमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माझ्याकडे भरपूर साठा झालाय. पण दत्ताभाऊनं गाडीला मोठे टायर लावले आणि बाकीचे सगळे किस्से मागे पडले. कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसलो की कुणीतरी विचारणारच, "आज गाडीचं काय?"

दत्ताभाऊ मूळचा माणचा. आयटी पार्क वाढत वाढत घराजवळ आला, निम्मी जमीन गेली, तरी यानं नोकरी सोडली नाही. घरी बसलो तर आबा गोठ्यात जुंपतील, असं म्हणतो. आबा म्हणजे त्याचे वडील. मी लातूरकडचा, राहायला कासारवाडीत. जाता-येता दत्ताभाऊ मला आणि शिंदेला त्याच्या एसयूव्हीत घेतो, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

*

जुने टायर गुळगुळीत झाले म्हणून आम्ही तिघं भोसरीला एका दुकानात गेलो. तसेच नवे घालायचे आणि निघायचं, एवढंच ठरलं होतं. दुकानदारानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हळहळल्यासारखं म्हणाला, "गाडी रुबाबदार आहे. पायात मात्र स्लीपर."

दत्ताभाऊ तिथंच विरघळला.

शिंदे आमच्यातला अभ्यासू. त्यानं मोबाइलवर साइजचा तक्ता काढला आणि फार मोठा घेऊ नकोस, घासेल, असं बजावलं. दुकानदाराचं म्हणणं वेगळं होतं. थोडाच मोठा घेतला तर फरक दिसत नाही, आणि दिसणारच नसेल तर घ्यायचा कशाला? दत्ताभाऊला हे पटलं. मी विचारलं, ही ऑल-टेरेन भानगड घेऊन तू जाणार कुठल्या डोंगरात?

"चाकणचा रस्ता रोज बघतोस ना?" तो म्हणाला.

टायर बसले. दुकानदारानं जाता जाता दाराखालची पायरीही काढून टाकली. असल्या गाडीला ती शोभत नाही म्हणे.

*

घरी आबांनी गाडी खालून वर बघितली. गुडघे दुखणारा माणूस, त्यात गाडी उंच झालेली आणि पायरी गेलेली. दत्ताभाऊ म्हणाला, पायरी परत लावून आणतो. आबा भडकले. "माझ्यासाठी लावू नको. मी काय म्हातारा झालोय व्हय?" त्या दिवसापासून ते गाडीत बसले नाहीत.

खरी अडचण इथं होती. राजगुरुनगरला आबांची थोरली बहीण राहते. आई लवकर गेली, तेव्हा त्यांना वाढवलं ते या आक्कानंच. दर महिन्याला आबा तिच्याकडे जायचे. ते बंद झालं. बसनं जायला गुडघा तयार नाही आणि गाडीत चढायला आबा तयार नाहीत. टायरच्या किश्श्यांवर आम्ही हसायचो, पण आक्काचं नाव निघालं की दत्ताभाऊचा चेहरा उतरायचा.

*

शिंदे म्हणाला तसं घासलंच. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर आत मडगार्डला लागायचा. मग दत्ताभाऊ पूर्ण फिरवेचना. यू-टर्न बंद झाले, कंपनीच्या गेटमधून आत यायला एकदा पुढे, एकदा मागे, परत पुढे. मागे बसेस खोळंबायच्या.

वॉचमननं बरेच दिवस सोसलं. शेवटी खिडकीशी येऊन अदबीनं म्हणाला, "साहेब, कंटेनर एका टर्नमध्ये येतो हो."

*

मग आवाज सुरू झाला. गाडीनं जरा वेग घेतला की खालून घूंऽऽ. आमच्या खात्यात कुठलाही आवाज आला की पहिला संशय बेअरिंगवर. जेवणाच्या सुट्टीत अख्खं डिपार्टमेंट पार्किंगमध्ये जमलं. खुद्द आमच्या खात्याचे साहेब गाडीत बसून चक्कर मारून आले, डोळे मिटून ऐकलं आणि निदान केलं, बेअरिंगच.

बेअरिंग बदललं. दुसऱ्या दिवशी मोशीच्या पुढे परत घूंऽऽ. शिंदेनं सांगितलं की हे खडबडीत टायर डांबरावर असेच वाजतात, तक्त्याखाली लिहिलेलं होतं.

ही बातमी साहेबांना द्यायला मलाच पाठवलं. साहेब जराही डगमगले नाहीत. "मग बेअरिंग तरी नवीन झालं ना?"

*

चाक मोठं झालं की मीटर कमी अंतर दाखवतो. शिंदेनं हे पडताळून बघितलं. माण ते कंपनी आता पूर्वीपेक्षा कमी किलोमीटर येतं, हे त्यानं दत्ताभाऊला फार गंभीरपणे समजावलं.

दत्ताभाऊनं शांतपणे ऐकलं. "बरं झालं. कंपनी जवळ आली."

*

राहता राहिली स्टेपनी. गाडीबरोबर आलेली आता लहान पडत होती. दत्ताभाऊनं तसाच पाचवा मोठा टायर घेतला, पण तो गाडीखालच्या जागेत मावेना. मग डिकीत आडवा टाकला आणि डिकी संपली. वहिनी माहेरी निघाल्या तेव्हा बॅगा मागच्या सीटवर बसल्या आणि पोरं बॅगांवर.

वहिनींनी वाद घातला नाही. आठवडी बाजारातून आणलेले कांदे त्यांनी टायरच्या मधल्या खळग्यात ओतले. "एवढी तरी जागा दिली म्हणायची."

*

एका बुधवारी आक्काचा फोन आला. दत्ताभाऊनं तो आमच्यासमोर गाडीतच घेतला. स्पीकर चालू होता. "तुझ्या बापाला विचार, मी गेल्यावर येणार हाय का?"

गुरुवारी आम्हाला सुट्टी. मी मदतीला म्हणून माणला गेलो. दत्ताभाऊनं रात्रभर विचार केला असावा. त्यानं गाडी मागे घेत घेत घरासमोरच्या ओट्याला बाजूनं अगदी चिकटवली आणि पुढचं दार उघडलं. आबा ओट्यावरून सरळ आत आले आणि बसले.

राजगुरुनगरला दाराला धरून ते कसेबसे उतरले. भाऊ-बहीण दुपारभर बोलत बसले. बोलणं बहुतेक गेलेल्या माणसांचं होतं, तरी दोघं मजेत होते. मला बरं वाटलं.

निघताना पंचाईत झाली. तिथं ओटा नव्हता. दत्ताभाऊनं आबांच्या काखेत हात घातला. आबांनी तो झटकला. "उचलू नको. मला उचलायला चौघं येतील तवा येतील."

आक्का काठी टेकत दारात आली. "दत्ता, ते मागचं चाक काढ. ठिव हितं."

आम्ही दोघांनी डिकीतला टायर उतरवून दारापाशी आडवा ठेवला. आक्कानं त्यावर पोतं टाकलं आणि खांदा पुढं केला. "चढ."

आबा तिच्या खांद्यावर हात ठेवून टायरवर चढले, तिथून गाडीत. एवढीशी म्हातारी, पण हलली नाही. दार तिनंच लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आबा समोर बघत होते. दत्ताभाऊनं घाईघाईनं गाडी काढली.

चाकणच्या चौकात गर्दीत अडकलो, तेव्हा मी सहज मागे वळून बघितलं. डिकी मोकळी होती.

"दत्ताभाऊ, टायर तिथंच राहिला."

त्यानं कपाळावर हात मारला आणि गाडी कुठून वळवता येईल ते बघायला लागला. आबांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"मला दिसलं व्हतं निघताना," ते म्हणाले. "असू दे तिथंच. घरी वटा हाय, आक्काकडं चाक हाय. तू आपली गाडी चालव."