जावयाचा पाय, सासूचं डिझेल

राहीबाईंची पिकअप काळा धूर ओकत भीमपूरहून निघाली, की अख्ख्या गावाला कळायचं, आज वांगी आदिलाबादच्या रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या मंडईत चालली. गाडी राहीबाईंची, वांगीही त्यांचीच. चालवायला मात्र जावई, देवानंद. आणि जावयाला बोलायचं कसं?

त्यात हा घरजावई. तीन वर्षांपूर्वी राहीबाईंच्या लेकीशी, दामिनीशी लग्न करून इथेच राहायला आला. घरजावयाचं मन म्हणजे पापड, हात लागला की मोडतं, असं राहीबाईंनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. म्हणून पहिली गरम भाकरी त्याला, हाक ‘जवाईबापू’, आणि राग आला की तो भांड्यांवर.

चार महिन्यांपूर्वी देवानंद म्हणाला, “मामी, आदिलाबादले तो पंकज लॅपटॉप लावून इंजिनातल्या कम्प्युटरची सेटिंग बदलून देते. ताकदबी वाढते, डिझेलबी वाचते.” डिझेल वाचतं म्हटल्यावर राहीबाई हो म्हणाल्या. तिथेच फसल्या.

ताकद वाढली, नाही कोण म्हणतं? वांग्यांनी भरलेली गाडी बसला मागे टाकू लागली. पण आधी एका टाकीत सहा फेऱ्या व्हायच्या, आता चौथ्या फेरीलाच काटा तळाला.

“डिझेल जरा जास्त लागून राह्यलं काय, जवाईबापू?” त्यांनी एकदा भीतभीत विचारलं.

“इंजिन अजून खुलून राह्यलं, मामी. खुललं की वाचते.”

झालं. सहन होत नाही आणि सांगताही येत नाही!

शेवटी त्यांनी पंकजलाच बाजारात गाठलं. तो म्हणाला, “मावशी, दोन्ही एकदम कसं मिळन? त्याईले ताकद पाहिजे होती, ती देल्ली. जास्त डिझेल पाजल्याबिगर ताकद येते काय?”

“मले काऊन नाई इचारलं?”

“गाडी त्याईचीच समजलो ना मी.”

हे मात्र जिव्हारी लागलं. “पयलेसारखी करून दे,” त्या म्हणाल्या. जुनी सेटिंग पंकजच्या लॅपटॉपमध्ये होतीच. देवानंद चहाला गेला, की तासभर परतायचा नाही. तेवढ्यात काम उरकलं. राहीबाई मेथीच्या जुड्या विकत होत्या आणि चहाच्या टपरीकडे चोरासारख्या पाहत होत्या. स्वतःच्याच गाडीत चोरी!

धूर थांबला. पुन्हा सहा फेऱ्या होऊ लागल्या. आता मेथीचा हलका माल, गाडी तशीही बसच्या पुढे जायची; देवानंदला ताकद गेल्याचा पत्ताच नाही. उलट तो गावभर सांगत सुटला, “पाहा, खुललं ना इंजिन! म्या सांगतलंच होतं.” ऐकून राहीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या दिवशी भांडी जरा जास्तच वाजायची.

महिन्याभराने शेजारचा महिपत आला. सकाळची वेळ, गाडीत मेथी चढत होती. त्याचीही पिकअप होती. “काकू, मीबी आज पंकजकडे चाललो. पण पयले तुमी सांगा, तुमी खोटं बोलत नाई. फायदा हाय ना?”

देवानंद छाती काढून उभा. जावयाची लाज राखावी, तर महिपत खड्ड्यात जातो. राहीबाईंचा जीव नुसता कातावला.

“कायचा फायदा? महिना झाला, म्या ते काढून टाकलं.”

देवानंदचा चेहरा उतरला. किल्ली त्याने बॉनेटवर ठेवली.

“मले सांगतलं असतं, तर मीच काढून आणलं असतं, मामी,” तो हळूच म्हणाला. “तीन वर्सं झाली, एकदाबी मायावर रागावल्या नाई तुमी. दामिनीले रोज बोलता. घरच्या माणसाले बोलतात. मी पाव्हणाच राह्यलो.”

एवढं जपलं, ते हे ऐकायला? राहीबाईंना वाईट वाटलं, आणि पाठोपाठ संतापच आला. त्याचा, पंकजचा, स्वतःचा, सगळ्यांचा एकदम.

“देवानंद!” त्या अशा कडाडल्या, की दामिनी घरातून धावत बाहेर आली. “मेथी सुकून राह्यली, अन् तू रुसून राह्यला? उचल ते किल्ली! अन् आज बसच्या पुढे काढली तं पाह्य!”

तो किल्ली उचलून गाडीत बसला. त्याही शेजारी चढल्या. तीन वर्षांचं साचलेलं होतं, ते आदिलाबाद येईपर्यंत पुरलं.