ऑक्सिजनच्या घरातली आरती

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "आयएलडी आहे. इंटरस्टिशियल लंग डिसीज." मी दोनदा विचारून घेतलं, तेव्हा त्यांनी मराठीत सांगितलं. जुना स्पंज वाळून कडक होतो, तशी फुप्फुसं घट्ट होत जातात. "कडक झालेला भाग परत मऊ होत नाही. वेग कमी करायचा प्रयत्न करू." यांनी शर्टाची बटणं लावत विचारलं, "जिना चढता येईल ना?" आम्ही कात्रपला दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही.

आजार जिन्यातच सुरू झाला होता, पण माझ्या लक्षात आला नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या सिंधी काकूंशी यांच्या गप्पा एकाएकी वाढल्या होत्या. पापड कसे लाटता, मुलगी कुठे दिली, सगळी चौकशी. जन्मात कोणाशी चार शब्द जास्त न बोललेला माणूस. मी चिडवायचेसुद्धा. हे तिथे उभे राहून दम घेत होते. खोकल्याचं खापर मी सुपारीवर फोडून मोकळी झाले होते. तुमच्या घरचं माणूस जिन्यात अचानक गप्पिष्ट झालं, तर कौतुक नंतर करा, आधी छाती तपासा.

मग अंबरनाथच्या हॉस्पिटलात खेटे सुरू झाले. पीएफटी म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजायला नळीत जोरात फुंकायचं. वॉक टेस्ट म्हणजे बोटाला चिमटा लावून व्हरांड्यात चालायचं आणि रक्तातला ऑक्सिजन किती उतरतो ते बघायचं. हे मध्येच थांबून भिंतीवरची पोस्टरं वाचायला लागले. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, वाचू नका, चालून दाखवा." मी वेटिंग रूमच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपायला शिकले. ती एक कला मला या आजाराने दिली.

श्रावणात यांच्या छातीत इन्फेक्शन झालं आणि आठवडाभर ॲडमिट करावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी कॉन्सन्ट्रेटर लिहून दिला. हवेतला ऑक्सिजन गोळा करून नळीतून नाकात सोडणारं हे यंत्र. आम्ही उल्हासनगरहून भाड्याने आणलं. ते रात्रंदिवस घरघरतं. डिस्चार्जच्या कागदावर सही करता करता डॉक्टर म्हणाले, "घरात देवापुढे दिवा लावता? आता दहा फूट लांब. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला जोर देतो. कपड्यांत, अंथरुणातही तो मुरतो. आणि उदबत्ती, धूप, कापूर बंद. तो धूर यांच्या छातीला झेपणार नाही."

गणपती पंधरा दिवसांवर आले होते.

हे भावंडांत थोरले. भावकीचा गणपती आमच्याकडे, दीड दिवसाचा, आणि आरतीचं ताट यांच्या हातात. विसर्जनाला मूर्ती डोक्यावर घेऊन हेच उल्हास नदीत छातीभर पाण्यात उतरायचे. यंदा मी शाडूची लहान मूर्ती आणली, कारण ती घरातच बादलीत विसर्जन करता येते. थर्माकोल चटकन पेटतं म्हणून त्याचं मखर नको म्हटलं, आंब्याची पानं आणि झेंडूवर भागवलं. सोसायटीतल्या पोरांना फटाके लांब वाजवायला सांगून आले. बायका म्हणाल्या, किती छान, इको-फ्रेंडली. आमचं पर्यावरण म्हणजे एका माणसाची दोन फुप्फुसं, हे त्यांना कुठे सांगत बसू.

चतुर्थीला दिव्याचं सांगितल्यावर चिखलोलीहून आलेले धाकटे दीर हसले. "वहिनी, देवाची ज्योत काय गॅसची शेगडी हाय का?" पण खरे अडून बसले ते हे. "देवापुढे नाकात नळी घालून बसू काय मी? आरतीपुरतं मशीन बंद कर. तेवढ्याने मरत नाही."

मी थकले होते. यंत्र बंद केलं, नळी काढली, कपडे बदलायला लावले आणि ताट हातात दिलं.

आमच्या घरात एक आरती म्हणून थांबायची पद्धत नाही. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची सुरू झाली. यांचे ओठ काळसर दिसायला लागले. मी ताट काढून घेतलं आणि बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या वर हवा, तो ऐंशीच्या खाली होता. टाळ्या थांबल्या. दिरांनी धावत सगळे दिवे विझवले, मी यांना आतल्या खोलीत नेऊन नळी लावली. आकडा वर यायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. मी रडत होते आणि मला रागही आला होता. देवाचा नाही, यांचा.

फोनवर डॉक्टर म्हणाले, "आरती करू नका असं मी म्हणत नाही. नळी काढू नका. माणूस आणि ज्योत वेगळ्या खोल्यांत ठेवा, एवढंच."

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेला हे आतल्या खोलीत नळी लावून बसले. गणपती बाहेर. यांचं तोंड भिंतीकडे. आरती दिरांनी केली, एकच. सगळ्यांनी निरांजनावर हात धरून आरती घेतली. दिरांनी सर्वांत शेवटी घेतली, पण हात स्वतःच्या तोंडावरून फिरवले नाहीत. तळवे तसेच मिटून ते आत गेले आणि यांच्यासमोर उभे राहिले.

"दादा, डोका जरा खाली कर."

यांनी मान खाली घातली. दिरांनी दोन्ही तळवे यांच्या डोक्यावर ठेवले आणि तिथेच ठेवून राहिले. दोघांनाही हुंदका आवरेना. मी दारातून बघत होते, माझंही तेच.

दिवे विझवल्यावर आम्ही बादली आत नेली. यांनी खुर्चीत बसून, नळीसकट, स्वतःच्या हाताने बाप्पाला पाण्यात सोडलं. विरघळलेली माती चिकूच्या कुंडीत घातली.

आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. ज्यांच्या घरी असं यंत्र आलं आहे त्यांना एवढंच सांगते, भांडणात ताकद घालवू नका, ती पुढे लागते. मी अजून थकलेली आहे. रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत दिवा लावते, ज्योतीवर हात धरते आणि तळवे मिटून आत जाते. तिथवर पोचेपर्यंत हात गार झालेले असतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तरी हे डोकं पुढे करतात.