पायाळूच्या हातातला नारळ

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. कट्ट्यावर मी काय काय बडबडतो, गुडघेदुखीपासून सोसायटीच्या टाकीपर्यंत, पण इथवर आलो की जीभ वळण घेते. सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच सांगितलं. आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

सुरुवात माझ्या जन्मापासून करावी लागेल. घाबरू नका, लांबवणार नाही. मी पायाळू आहे. बाकीची माणसं डोक्याने जगात येतात, मी आधी पाय काढले — बहुधा पाणी गार आहे का ते बघायला. कुणाची पाठ धरली की पायाळूची लाथ लावून घेतात. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या ज्येष्ठ नागरिकांना मी लाथाडलंय, आणि त्यांनी वर चहा पाजलाय. दुसरी समजूत अशी, की पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडे, आणि चालत सुटायचं. खाली पाणी असेल तिथे नारळ उठून उभा राहतो. मी विज्ञानाचा पदवीधर. या प्रकाराची मी जन्मभर टिंगल केली.

सुलभा मुरबाडकडची. लग्न करून डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर आली आणि तिथेच राहिली. तक्रार अशी कधी केली नाही. फक्त बाल्कनीतल्या कुंड्यांत माती घालताना हात जरा जास्त वेळ मातीत ठेवायची. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा एक दिवस म्हणाली, आता एक घर बांधू या. जमिनीवरचं. पुढे पडवी, मागे न्हाणी, दार उघडलं की अंगण.

जागा तिनेच शोधली, मुरबाडच्या पुढे, तिच्या माहेरापासून जवळ. बांधाला उंबर होता म्हणून तीच घेतली. "उंबर आहे तिथे खाली पाणी असतं," ती म्हणाली. मला तर उंबर कुठला हेही तिनेच दाखवलं.

आधी पाणी, मग पाया. बोअर मारायला जागा ठरवायची होती. माझा मेहुणा दिगंबर म्हणाला, "घरात पायाळू असताना बाहेरचा पाणाड्या कशाला?" सगळे हसले. मीही हसलो. नारळ तो येतानाच घेऊन आला होता.

त्या सकाळी सुलभाने पांढऱ्या फक्कीने जमिनीवर घर आखलं. खोल्या, ओटा, देवघर. दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या. मी आपला सरळ रेघ ओलांडून आत गेलो, तर म्हणाली, "अहो, भिंतीतून काय येताय? दार तिकडे आहे."

मी मागे फिरून दारातून आलो. स्वयंपाकघरात उभी राहून ती दिगंबरला सांगत होती — खिडकी इथे, चूल नको पण जागा ठेव, पाऊस या अंगाने येतो. आवाज मोठा होता तिचा. मोकळा. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो ऐकलाच नव्हता. हे कसं सांगू? माझी बायको मला पहिल्यांदा दिसत होती, आणि मला ते आवडलं नाही.

पुढे मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. दवाखाना लांब. मित्र इकडे. वय झालं. सगळी खरी, आणि एकही खरं नाही. डोंबिवलीत गॅसवाल्यापासून बँकेपर्यंत ती मला विचारते. "अहो, हे जरा बघा ना." त्या 'बघा ना'वर मी जगतो. तिथे, त्या फक्कीच्या घरात, मला विचारण्यासारखं काय होतं? मी तिथे पाहुणा असणार होतो. चांगली वागणूक मिळालेला, वेळेवर जेवायला वाढलेला पाहुणा.

मग मी नारळ घेऊन चाललो. दिगंबर मागून म्हणाला, "भावोजी, नारळ धरलाय की बॉम्ब?" सुलभा हसली नाही. ती हात जोडून उभी होती.

उंबराच्या बाजूला नारळ हलला.

खरंच हलला की माझाच हात थरथरला? मला आजही ठाऊक नाही. पण तळहातावर वजन सरकलं, शेंडी वर येऊ लागली, आणि मी अंगठ्याने ती दाबून धरली. लोकांकडे पाठ होती माझी. तसाच दाबून दोन फेऱ्या मारल्या, आणि म्हणालो, काही नाही इथे.

"उंबरापाशीही नाही?" तिने विचारलं.

"उंबराचं काय, तो आपल्या गटारावरही उगवतो," मी म्हणालो.

दिगंबर दुसरा पाणाड्या आणू म्हणत होता. ती म्हणाली, "यांनाच नाही लागलं, म्हणजे नाही." माझ्या विज्ञानाला कधीच न पटलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास होता, आणि मी त्या विश्वासाचाच वापर केला. निघताना आम्ही सगळे रेघा तुडवत गाडीकडे गेलो. ती दारातून बाहेर पडली.

जागा विकली. लॉकडाऊनमध्ये डोंबिवलीच्या दोन खोल्यांत ती एकदाच म्हणाली, तिकडे असतो तर अंगणात तरी बसलो असतो. आणि लगेच, "जाऊ दे, माझी निवडच चुकली."

मागच्या हिवाळ्यात कल्याणला काम आहे सांगून मी मुरबाडची एसटी धरली. तिथे आता कुणाचं तरी घर आहे. उंबराजवळ बोअर आहे, पंप चालू होता. सुलभाचं स्वयंपाकघर होतं तिथे मोटरसायकल उभी होती. घरातल्या बाईने कोण पाहिजे म्हणून विचारलं. रस्ता चुकलो म्हणालो. तिने पाणी दिलं. मी पडवीत बसून ते प्यालो, आणि मला ते घर हवंसं झालं — इतकं, की उठवेना. अंगणात वाकून काहीतरी निवडणारी सुलभा, तिचा तो मोठा आवाज, आणि मी कोपऱ्यात, बिनकामाचा. काय बिघडलं असतं?

परवा माझी भाची आणि तिचा नवरा आले होते. बदलापूरच्या पुढे प्लॉट बघतायत. सुलभा पोहे वाढत तिला सांगत होती, "आधी पाणी बघ गं बाई. मी हट्टाने कोरडी जागा घेतली, यांना किती नाचवलं. पण खरं सांगते, यांनी एका शब्दाने मला कधी बोलून दाखवलं नाही."

भाचीने माझ्याकडे पाहिलं, एखाद्या मोठ्या मनाच्या माणसाकडे पाहावं तसं.

मी ते मोठेपण ठेवून घेतलं.