सूर्य उत्तरेला उगवला तेव्हा

परवा सूर्य उत्तरेला उगवला. हसू नका, माझं होकायंत्र तसंच सांगत होतं.

इंदापूरकडच्या माळावर ओरिएंटीअरिंगची स्पर्धा होती. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात दडवलेली निशाणं ओळीनं शोधायची आणि सगळ्यांच्या आधी परतायचं. मी पन्नाशीपुढच्या बायकांच्या गटात. गुडघ्याचा फोटो उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले होते, "आता पळणं बंद." घरात रडून-भांडून मी ही एक शेवटची म्हणून मागून घेतली होती. मनात मात्र एकच धाकधूक. गुडघा सुजला नाही, तर पुढचीही मागता येईल. सुजला, तर संपलं.

पहाटे बारामतीहून निघताना नवऱ्यानं माझ्या डाव्या मनगटात एक कडं चढवलं. नरसिंहपूरच्या जत्रेतलं, सांधेदुखीवरचं.

"काढायचं न्हाय. माझी शपथ हाय."

पहिलं निशाण रस्त्यालगतच होतं. दुसऱ्यासाठी सुईमागं गेले ती थेट कालव्यावर. वळून पुन्हा गेले, पुन्हा कालवा! गुडघ्यात कळ उठली. बाकीच्या बायका कधीच दिसेनाशा झाल्या होत्या. रडवेली होऊन वर बघितलं, तर सुईचं उत्तरेचं टोक उगवत्या सूर्याकडं!

तेव्हा कळंबचे तात्या आठवले. माझे चुलत आजोबा, फौजेतून परतलेले. शाळकरी वयात त्यांनी मला उसाच्या बांधावर होकायंत्र शिकवलं. पहिल्याच दिवशी मी त्यांना विहिरीऐवजी गोठ्यात नेलं होतं. त्यांनी म्हशीकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं.

"अगं बये, सुई उत्तर न्हाय दावत, तू खाली धरलेलं खुरपं दावतीया!"

मी होकायंत्र धरलेल्या मनगटाकडं बघितलं. कडं चुंबकाचं होतं.

शपथ मोडली. कडं बाभळीला अडकवलं, सुई गर्रकन फिरली, आणि मी दात-ओठ खात पळाले. पहिली आले! पदक गळ्यात पडेपर्यंत उभी होते, एवढंच. घरी नवऱ्यानं मला गाडीतून धरून उतरवलं. त्यानं पदक बघितलंच नाही.

"कडं कुठाय?"

"बाभळीवर."

"म्हंजे बाभळीचं गुडघं बरं हुतील आता."

मी खो खो हसले. तो हसला नाही. खाली बसून माझा भोपळ्याएवढा गुडघा शेकू लागला.

"ती बाभळ फक्त मलाच सापडंल," मी लाडीगोडी लावली. "कडं आणायचं, तर मला न्यावं लागंल."

"कडं ऱ्हाऊ दे तितं," तो मान वर न करता म्हणाला. "आन् तू ऱ्हा हितं."

होकायंत्र मुठीतच होतं. पण उत्तर काही सापडेना.