जुळ्यातली दुसरी बाटली

सगळे तिला बाटलीबाई म्हणत. जहाजावर समुद्राचं पाणी बाटल्यांत भरायचं, हे तिचं काम. नळी थेट तळाला टेकवायची, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, पाणी वरून वाहू द्यायचं, मग पाऱ्याच्या विषाचा एक थेंब टाकून बूच घट्ट लावायचं. थेंब टाकायचा राहून गेला तर पाण्यातले बारीक जीव बाटलीतही श्वास घेत राहतात आणि कार्बनचा आकडा फुगतो. प्रत्येक ठिकाणी बाटल्या दोन भरायच्या: एक मोजायला, तिची जुळी कोठीत ठेवायला. पंधरा वर्षांत बाईचा थेंब कधी चुकला नव्हता.

सात वर्षांपूर्वी एका जागी तिच्या बाटलीचा आकडा भलताच मोठा आला. जहाजाच्या मोहिमा ठरवणाऱ्या साहेबांनी तर छापून ठेवलं होतं की तिथला समुद्र हवेतला कार्बन गिळतो. बाटली उलटं सांगत होती. दूरच्या थंडीत कार्बन पोटात घेऊन बुडालेलं जड पाणी शेकडो वर्षं तळाच्या प्रवाहाबरोबर फिरत, वाटेत वरून पडणारं मेलेलं-कुजलेलं पचवत, नेमकं तिथे वर येत होतं आणि हवेत ढेकर देत होतं. पण साहेब कसले ऐकतात! पडलो तरी नाक वर. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाई थेंब टाकायला विसरल्या." झालं. तिचं जहाजावर जाणं बंद झालं. बाटल्या धुवायला आणि कोठी सांभाळायला बसवलं.

धाकटी बहीण म्हणायची, ताई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? ताईनं ऐकून घेतलं आणि डूख धरला. अधूनमधून जुन्या बाटल्या ओतून टाकायचा हुकूम यायचा. ती ओतायची. एक सोडून.

यंदा संस्थेत साहेबांच्याही वर नव्या प्रमुखबाई आल्या. त्यांनी त्याच जागचं पाणी आणवलं, आकडा पुन्हा तेवढाच मोठा. साहेबांनी लगेच कोलांटी मारली आणि निवृत्तीआधी हा शोध स्वतःच्या नावानं मांडायला सभा ठरवली. तेव्हा बाटलीबाईनं जपलेली जुळी प्रमुखबाईंच्या टेबलावर ठेवली. आधी विष तपासा, मग कार्बन, एवढंच म्हणाली. विष निघालं. आकडाही सात वर्षांपूर्वीचाच निघाला. सभेत हे काढायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा, असं प्रमुखबाईंनी तिला सांगितलं.

दुपारी साहेब स्वतः कोठीत उतरले. जहाजाच्या यादीवर अजून त्यांचीच सही चालायची.

"जाताजाता माझी शोभा कशाला करता, बाई? सोमवारी जहाज निघतंय. तुमचं नाव घालतो."

सात वर्षं तिला दुसरं काही नको होतं.

"उद्या सगळ्यांच्या देखत सांगा," ती म्हणाली, "थेंब होता म्हणून."

संध्याकाळी यादी लागली. तिचं नाव नव्हतं. ती तशीच प्रमुखबाईंकडे गेली आणि म्हणाली, सभेत काढा.

सभेत प्रमुखबाईंनी बाटली पुढे ठेवली. साहेब खाली बघून पुटपुटले की थेंब टाकलेला होता. मागच्या रांगेत बाटलीबाई उभी राहिली.

"इथे ऐकू आलं नाही, साहेब."

साहेबांना पुन्हा सांगावं लागलं. मग तिसऱ्यांदाही.