यंत्रात गाव दिसत नाही

नव्या शतकाची पहिलीच वर्षं होती. चतुर्थीच्या गर्दीची बातमी करायला राजूरच्या गणपतीला गेलो होतो. दुपारी पोलीस चौकीसमोर घोळका दिसला. आत प्लास्टिकची खेळणी विकणारी एक बाई बसवली होती. मांडीवर अंगावर पिणारं मूल. तिची भाषा कुणाला कळत नव्हती आणि जवळ एकही कागद नव्हता. एवढ्यावर लोकांनी तिला बांगलादेशी ठरवलं होतं. आई तुरुंगात जाईल आणि मूल जालन्याच्या बालगृहात, असं चौकीतला जमादार म्हणत होता. शब्द कळले नसले तरी बाईने मुलाला घट्ट धरून ठेवलं होतं.

कुणीतरी धनगरवस्तीवरून एका जवानाला आणलं. तो पूर्वेच्या सीमेवर नोकरीला होता आणि सुटीवर आला होता. सीमेवरचा माणूस पाहताक्षणी ओळखेल, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

"बघ रे, आपली हाय का तिकडली?" घोळक्यातल्या हॉटेलवाल्याने विचारलं.

"कशावरून सांगू, काका? बंगाली बोलती एवढं कळतं, पर ती भाषा दोन्हीकडं एकच."

"मंग इतकी वर्षं तिकडं काय करून राह्यला? अंधारात माणूस दिसायची मशीन दिलीय म्हणं तुम्हाला."

"दिलीय ना. माणूस आलं, हे बराबर दिसतं. त्याचं गाव न्हाई दिसत त्यात."

लोक हसले. मशीन आल्याने काय बदललं, असं मी जवानाला विचारलं.

"पहिले झाडीत आवाज झाला की बोट बंदुकीच्या घोड्यावर जायचं. आता माणसाचा पांढरा आकार दिसतो. कडेवर लेकरू असलं तर तेबी दिसतं. मंग आधी हाळी देतो."

"आन् धरलेल्या बाईचं लेकरू?" जमादाराने विचारलं.

"आईपाशीच. पाणी, खाणं, मंग चौकशी."

"म्हंजे पाहुणचारच की," हॉटेलवाला म्हणाला.

शेतात घुसलेली गुरं डांबायचा ग्रामपंचायतीचा कोंडवाडा चौकीच्या मागेच होता. जवानाने तिकडे हात केला.

"तिथल्या ढोराला पाणी पाजता का न्हाई? पाजलं म्हणून दंड सोडता का?"

थोड्या वेळाने हॉटेलवाल्याकडून दूध आलं. जमादार म्हणाला, "उद्या कोर्ट काय म्हणतं ते बघू. तवर लेकरू ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी."

दुसऱ्या दिवशी भोकरदनच्या न्यायालयात दुभाषा लागला. जालन्याच्या सराफ्यात दागिने घडवणारे बंगाली कारागीर होते, त्यातला एक आला. त्याच्याशी बाई पहिल्यांदा सलग बोलली. ती सीमेपलीकडचीच होती. नवऱ्याबरोबर कामासाठी तार ओलांडून आली होती. नवरा मुंबईत सोडून गेला. तिला माहेरी जायचं होतं, पण मुलाला घेऊनच. कारागिराने तिच्या गावाचं आणि भावाचं नाव नीट उतरवून दिलं.

न्यायाधीशांनी तिची कबुली नोंदवून घेतली, शिक्षा सुनावली आणि तिला औरंगाबादच्या तुरुंगात पाठवलं. लहान मूल आईपासून तोडता येणार नाही, असंही आदेशात स्पष्ट लिहिलं. घोळक्यातले काहीजण कोर्टात आले होते. ते निकाल ऐकून राजूरच्या बसकडे वळले. बाहेर वाद झाला नाही.

शिक्षा संपल्यावर तिला परत पाठवायचं ठरलं. अशा लोकांना सीमेवर नेऊन कुठेही तारेपलीकडे ढकलून दिल्याच्या गोष्टी तेव्हा ऐकू येत. इथे तसं झालं नाही. गावाचा पत्ता असल्यामुळे पलीकडे आधी निरोप गेला होता. पोचवायला गेलेल्या पथकात राजूरचा जमादार होता. परतल्यावर चौकीत भेटला तेव्हा त्याने आपणहून सांगितलं:

"दिवसाउजेडी फाटकातून गेली. भाऊ आल्ता न्यायला. पोरगं चालायला लागलं होतं, पण तिनं काही खाली उतरू दिलं न्हाई."