आत्याबाईंनी कावळ्यांसमोर दिलेला शब्द

माझ्या सासूबाई बायडाबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, कुणाला भीत नव्हत्या. त्यांचा आवाज चढला की तलाठीसुद्धा सायकल वळवून निघून जाई. पण चाकं असलेल्या वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बैलगाडी उताराला लागली की खाली उतरून चालत. पुणतांब्याला एस.टी.ने जायचं तर डोळे घट्ट मिटून, पुढच्या सीटचा दांडा धरून.

एकाहत्तर साली उसावर कीड पडली आणि फवारणीचं विमान आलं. आमच्या वस्तीला लागूनच माळावर मुरूम दाबून धावपट्टी केली होती. वैमानिक राधाकृष्ण, मंगळूरकडचा, पंचविशीतला पोरगा. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचा राधाकिसन केला. दुपारची भाकरी तो आमच्याकडे खाई. पहिल्यांदा ठेचा खाल्ला तेव्हा रांजणाकडे असा पळाला, की त्याचं विमानही तेवढं पळत नसेल. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेचाच मागितला, आणि तो घरचा झाला.

रोज जेवून उठताना म्हणे, "अम्मा, चलो, एक चक्कर. ऊपर से आपका घर दिखाता हूँ."

"चलो म्हनं! आधी बाजरी निघू दे."

बाजरी निघाली, मग गुडघा दुखायला लागला, मग म्हैस व्यायला झाली. ती कधी व्यायची हे म्हशीलाही ठाऊक नव्हतं. शेवटी एका दुपारी त्याने हातच धरला, तेव्हा म्हणाल्या, "उद्या बसते. देवाशप्पथ."

त्याच संध्याकाळी विमान उतरायला खाली येत असताना वाऱ्याचा झोत आला. विमान कलंडलं आणि धावपट्टीच्या अलीकडच्या बांधावर आदळलं. माणसं धावली, पण तोवर राधाकिसन गेला होता. त्या दिवसापासून आत्याबाईंचा आवाज चढेनासा झाला. घर इतकं शांत कधीच नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

देह त्याच्या गावी नेला. तरी आत्याबाईंनी ठरवलं, दहावा आपणही घालायचा. "तिकडचं तिकडं. माज्या हातचं खाल्लंय त्यानं."

आमच्या यांनी, रंगनाथरावांनी, पुणतांब्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला. निम्मं गाव आलं. कावळे पिंपळावर बसून राहिले, एकही खाली येईना. गेलेल्याची काही इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, त्यामुळे लोक एकेक वचन देऊ लागले. राधाकिसनची रोजची तक्रार आठवून सरपंच भाऊसाहेब ओरडले, "धावपट्टीवर म्हशी येऊ देनार न्हाई!" कावळे हलले नाहीत. सरपंचांच्या शब्दावर गावाचा तरी कुठे विश्वास होता! कुणी पिंडाशेजारी ठेचा ठेवला, तर कावळे आणखी वरच्या फांदीवर गेले. मी तोंडाला पदर लावला. दहाव्याला हसू नये, पण आवरेना.

तेवढ्यात आत्याबाई पुढे झाल्या. इतक्या दिवसांनी तो आवाज!

"बसते रं माज्या सोन्या! बसते इमानात! आता तरी खा!"

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. सगळा घाट रडत होता. आत्याबाईही रडत होत्या, आणि रडता रडता एकदम पांढऱ्याफटक पडल्या. आपण काय बोलून बसलो ते ध्यानात आलं होतं.

परतताना एस.टी.त डोळे मिटूनच विचारलं, "इमान परत येनार न्हाई ना गं?"

महिन्याभराने दुसरं विमान आलं. नवा वैमानिक नियम सांगू लागला, बाहेरच्या माणसाला बसवता येत नाही.

"घ्या, सुटलात," मी म्हटलं. पण आत्याबाई त्याच्यावरच उखडल्या.

"नियम तुज्यापाशी ठेव. मी राधाकिसनाला शब्द दिलाय."

पदर खोचला आणि मागच्या सीटवर चढूनही बसल्या. वैमानिकाने आमच्याकडे पाहिलं. आम्ही काय सांगणार? तलाठी जिथे टिकला नाही, तिथे तो काय टिकणार होता!

विमानाने एक चक्कर मारली. मग त्याच बांधावरून खाली यायला लागलं, आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले. चाकं मुरमावर घासल्याचा आवाज आला तेव्हाच उघडले.

आत्याबाई उतरल्या आणि थेट माझ्यावरच घसरल्या. "बाजरी उघडी टाकून हितं काय उभी ऱ्हायलीस? समद्या कोंबड्या तिच्यावर हायेत!"

"म्हणजे डोळे उघडे होते तुमचे?"

"न्हाई. समदा येळ मिटलेलं हुतं. त्या बांधापाशी उघडलं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तेवढी वाट त्यो एकलाच आलता गं. म्हनलं, आज कुनीतरी संगं असावं."

कोंबड्या हाकलायच्या निमित्ताने मी घराकडे धावले. खरं तर मला रडायचं होतं.